पाड्याची शिरगणती आणि पाड्याचा रस्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कोणत्याही खेड्याची सरकारी ओळख दोन ओळींत सांगता येते. पहिल्या ओळीत त्या गावची लोकसंख्या असते. दुसऱ्या ओळीत पक्का रस्ता, बसथांबा आणि रेल्वे स्थानक ही गावापासून किती अंतरावर आहेत ते दिलेले असते. जनगणनेची जिल्हा पुस्तिका चाळणाऱ्याला या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे त्याला वाटत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की गेल्या पन्नास वर्षांत या देशाच्या नियोजनाने पहिल्या ओळीला दुसरीची मालकीण केले आहे. माणसे पुरेशी असतील तर रस्ता मिळेल, कमी असतील तर वाट पाहावी लागेल, असा हा कायदा आहे. तो कोणत्याही विधिमंडळात संमत झालेला नाही. तरी सातपुड्यातील पाड्यावर आणि सह्याद्रीच्या धनगरवाड्यावर त्याची अंमलबजावणी अत्यंत काटेकोरपणे होते.

हे माप पूर्वीपासून असे नव्हते. डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. राज्य परकीयांचे होते आणि महायुद्ध चालू होते; तरीही त्या योजनेचे माप अंतराचे होते. शेतीच्या दृष्टीने विकसित भागातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर राहू नये, असे तिने म्हटले. १९६१ साली सुरू झालेल्या पुढच्या योजनेने, जिला मुंबई योजना म्हणतात, हे अंतर पक्क्या रस्त्यापासून ४ मैल आणि कोणत्याही रस्त्यापासून दीड मैल असे खाली आणले. अविकसित भागासाठी ही मापे सैल ठेवली होती, म्हणजे अन्याय तेव्हाही होताच. पण निदान प्रश्न योग्य विचारला जात होता: माणसाला किती चालावे लागते?

१९७४ साली पाचव्या पंचवार्षिक योजनेत किमान गरजा कार्यक्रम आला आणि प्रश्नच बदलला. १,५०० व त्याहून अधिक लोकवस्तीची गावे बारमाही रस्त्याने जोडावयाची, असे ठरले. १९८१ च्या लखनौ योजनेने हा आकडा ५०० वर आणला आणि २००१ ही मुदत घातली. ती मुदत टळण्याच्या बेतात असताना २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. १,००० वस्तीची ठिकाणे तीन वर्षांत आणि ५०० वस्तीची २००७ पर्यंत जोडू. डोंगरी, वाळवंटी आणि आदिवासी भागात २५० ची मर्यादा धरू, असे तिचे वचन होते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने याच योजनेचा चौथा टप्पा मंजूर केला. त्यातही सपाटीवर ५००, डोंगरी व आदिवासी भागात २५० आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १०० हेच आकडे आहेत. २५,००० वस्त्या अजून रस्त्याविना आहेत, त्यांच्यासाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते बांधावयाचे आहेत आणि त्यासाठी २०२८-२९ पर्यंतची मुदत आहे, हे सरकारनेच त्या निमित्ताने सांगितले. २००१ साली पुरे व्हावयाचे काम २०२९ वर गेले. आणि या २५,००० मध्ये मर्यादेच्या खाली असलेल्या वस्त्या धरलेल्याच नाहीत. त्यांना कोणतीही मुदत नाही.

या योजनेतून काहीच झाले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. देशभरात ७ लाख किलोमीटरहून अधिक ग्रामीण रस्ते तिच्यातून झाले. महसुली गावाऐवजी वस्ती हा घटक तिने मानला, हेही पुढचे पाऊल होते. टीका करावयाची ती याच पावलाच्या अपुरेपणावर.

महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार वस्तीची महसुली गावे आहेत. हे महसुली गाव म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातील गाव. लोक जेथे राहतात ते गाव निराळे असते. कोकणात एकाच महसुली गावाच्या डोंगरउतारावर दहा-बारा वाड्या पसरलेल्या असतात. नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत एका गावाचे पाडे एकमेकांपासून तासाभराच्या चढणीवर असतात. जनगणना आकडा प्रसिद्ध करते तो गावाचा. पाड्याचा आकडा त्यातून पुढे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या पातळीवर काढावा लागतो. तो कोण काढतो, कशावरून काढतो आणि त्यावर पाड्यातील किती जणांची सही असते, हे पाड्याला बहुधा कळतच नाही.

यात एक सामाजिक सत्य दडलेले आहे आणि त्याकडे पाठ फिरवता येणार नाही. रस्ता गावठाणापर्यंत पोहोचतो तेव्हा कागदोपत्री 'गाव जोडले गेले' अशी नोंद होते. न जोडलेली राहते ती ओढ्यापलीकडची बौद्धवाडी, डोंगरावरचा धनगरवाडा किंवा वनखात्याच्या हद्दीला लागून असलेली कातकरीवाडी. बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत असलेली वस्ती जोडलेली मानावी, असा नियम आहे. डोंगरी भागात पायवाटेने दीड किलोमीटरपर्यंत. नकाशावर ५०० मीटर ही क्षुल्लक गोष्ट आहे. मधे ओढा असेल आणि त्यावर फरशी किंवा साकव नसेल तर आषाढ-श्रावणात ते अंतर मोजायला मीटर उपयोगी पडत नाही. जातीने ज्यांना गावकुसाबाहेर बसवले त्यांना अभियंत्याच्या पट्टीने पुन्हा एकदा बाहेर ठेवले, एवढाच याचा अर्थ आहे. पट्टीला जात नसते हे खरे. पण ती जेथून मापायला सुरुवात करते त्या गावठाणाला असते.

आता शिरगणतीकडे वळावे. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. तिची रीत अशी की या काळात जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी एखादा दिवस तरी राहिला तो त्या घरी मोजावा. जो या संपूर्ण काळात बाहेर होता तो जेथे सापडेल तेथे मोजावा. शहरातील नोकरदाराला ही रीत अगदी निर्दोष वाटेल. पण फेब्रुवारी हा ऊसतोडीचा भर हंगाम आहे. बीडच्या बालाघाटावरून दिवाळीच्या सुमाराला निघालेली बैलगाडी आणि तिच्यासोबतचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, फेब्रुवारीत पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडात असते. नंदुरबारच्या पाड्यांतील तरुण दक्षिण गुजरातच्या उसात असतात. रायगडचे कातकरी कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर असते. मागे राहतात म्हातारी माणसे, शेरडे आणि काही लहान मुले. प्रगणक दारावर येतो तेव्हा निम्म्या दारांना कडी असते.

म्हणजे ज्या वस्तीत पाणी नाही, काम नाही आणि रस्ता नाही, तिच्या लोकांना पोटासाठी बाहेर जावे लागते. ते बाहेर गेले म्हणून त्यांची गणती साखर कारखान्याच्या परिसरात होते. आणि वस्तीत माणसे कमी भरली म्हणून तिला रस्ता मिळत नाही. गरिबीनेच गरिबीचा दाखला रद्द करावा, असा हा प्रकार आहे. ज्या कारखान्याच्या फडात ही माणसे मोजली गेली त्या भागाला रस्त्यांची वाण नाही, हे निराळे सांगावयास नको.

त्यात कालाची भर पडली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा ठरला. तोपर्यंत २०११ चाच आकडा प्रमाण आहे आणि चौथा टप्पाही त्यावरच उभा आहे. समजा एखाद्या पाड्यात २०११ साली २३५ माणसे होती आणि आज ३२० आहेत. शासनाच्या लेखी तेथे आजही २३५ माणसे राहतात. उरलेली ८५ माणसे जन्माला आली. पण रस्त्याच्या हिशेबात ती अजून अवतरलेली नाहीत.

रस्ता नसणे म्हणजे काय, हे शहरातील सहानुभूतीदारांना पुष्कळदा केवळ गैरसोयीच्या स्वरूपात दिसते. प्राथमिक आरोग्य केंद्राचाही निकष लोकसंख्येचाच आहे: सपाटीवर ३० हजारांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे एक. विरळ वस्तीच्या प्रदेशात २० हजार माणसे गोळा व्हायला किती डोंगर ओलांडावे लागतील, याचा विचार त्या आकड्यात नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात धावते. पण ती डांबर संपते तेथे थांबते. तिथून वरती बाळंतिणीला झोळीत घालून, बांबूला दोन्ही बाजूंनी खांदा देऊन उतरवावे लागते. सातपुड्यात, मेळघाटात, भामरागडात आणि पालघरच्या डोंगरांत पावसाळ्यात असे प्रसंग घडतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, अधिवेशनात प्रश्न विचारला जातो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सारे शांत होते. नर्मदेच्या काठी तर सरदार सरोवराच्या पाण्याने जुन्या काठच्या वाटाच गिळल्या. महाराष्ट्रातील ३३ गावे त्या प्रकल्पाने बाधित झाली आणि जे काठावर राहिले त्यांना होडी हाच रस्ता उरला. राष्ट्राच्या विकासासाठी वाट देणाऱ्यांना स्वतःची वाट उरली नाही.

अन्नधान्याचेही तसेच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो धान्य दिले. पाच माणसांच्या घराला २५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. हक्क मिळाला; पण रास्त भावाचे दुकान खालच्या गावी असेल तर तो हक्क डोक्यावर घेऊन चढण चढणारी बाई कोणत्याही अहवालात दिसत नाही. शेतकऱ्याचेही तेच होते. नागली, वरई, भगर, आंबा, मोह, जे काही पिकेल ते बाजाराला नेता येत नसल्यामुळे दारात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या भावाने द्यावे लागते. रस्ता नसलेल्या ठिकाणी व्यापारी हाच रस्ता होतो आणि त्याचा टोल तो पायलीमागे कापून घेतो.

शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले. येथे पुन्हा अंतराचे जुने माप परत आले, हे स्वागतार्ह होते. पण डिसेंबर २०१७ मध्ये कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत घालण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला, तेव्हा पुन्हा डोकी मोजण्याचाच हिशेब वरचढ ठरला. छोट्या वस्तीची शाळा गेली की ज्याला शक्य आहे ते कुटुंब तालुक्याला जाते. वस्ती आणखी लहान होते. मग अधिकारी म्हणतो, येथे राहते तरी कोण?

रस्ता झाला म्हणजे दळणवळण झाले, असेही समजू नये. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि 'गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी' ही घोषणा पुढे घरोघर पोहोचली. खेड्याच्या जीवनात मुक्कामी गाडीने जे केले ते कोणत्याही योजनेच्या अहवालात सापडणार नाही. रात्री गावात थांबणारी आणि पहाटे निघणारी ती गाडी शाळकरी मुलींना तालुक्याच्या विद्यालयात, रोग्याला दवाखान्यात, भाजीला बाजारात आणि कज्जेदाराला कचेरीत वेळेवर पोहोचवीत असे. पण एसटीवर हिशेबाचे जे तत्त्व लादले गेले आहे ते भारमानाचे. गाडीत माणसे किती, यावरून फेरी राहते किंवा जाते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपानंतर अनेक आगारांत गाड्या आणि माणसे दोन्ही अपुरी पडली, आणि अशा वेळी कात्री चालते ती शेवटच्या गावच्या फेरीवरच. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना एसटी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. दोन्ही निर्णय चांगले आहेत. मात्र जेथे गाडीच येत नाही तेथील म्हातारीला मोफत प्रवास आणि तिच्या सुनेला अर्धे तिकीट यांचा उपयोग काय? तिला वडापच्या जीपमध्ये पूर्ण भाडे देऊन, टपावर नाही तर मागच्या दांडीला धरून जावे लागते.

या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो प्रामाणिक माणसेही घेतात. २०० माणसांच्या वस्तीला ३ किलोमीटर रस्ता करावयाचा तर, चौथ्या टप्प्याच्या तरतुदीवरून काढलेल्या किलोमीटरमागे सव्वा कोटीच्या आतल्या सरासरी खर्चानेही, माणशी दीड लाखाहून अधिक खर्च येतो. गरीब देशाला हे परवडेल काय? त्यापेक्षा या वस्त्या खाली आणून एकत्र का वसवू नयेत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनीच देता येते. चौथ्या टप्प्यात साऱ्या देशातील ६२,५०० किलोमीटर ग्रामीण रस्त्यांसाठी ७०,१२५ कोटी रुपये आहेत. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि त्याला सुमारे ५५ हजार कोटी रुपये लागले. दोन रस्त्यांची बांधणी एक नव्हे, हे उघड आहे. पण एकासाठी पैसा उभा करताना परवडण्याचा प्रश्न किती लवकर सुटला, आणि दुसऱ्यासाठी तो किती दशके अडून राहिला, हेही तितकेच उघड आहे. गडचिरोलीत सुरजागडच्या टेकडीवरील लोहखनिज खाली आणावयाचे असते तेव्हा पायथ्याशी २५० माणसे राहतात की २४०, हा प्रश्न आडवा येत नाही. खनिजाला लोकसंख्येची अट नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या वस्तीलाच देऊ द्यावे. तिची जमीन, तिचे पाणी, तिचे वनोपज आणि तिची दैवते जेथे आहेत तेथून तिला हलविणे हे सोय म्हणून सुचविले जाते. पण खाली आणल्यावर जमीन कोण देणार, हे कोणी सांगत नाही. धरणांच्या विस्थापितांचा अनुभव ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

शिवाय प्रत्येक पाड्याला डांबरच हवे असेही नाही. बारमाही रस्ता म्हणजे सर्व ऋतूंत वापरता येणारा रस्ता. तो डांबरीच असला पाहिजे अशी अट योजनेच्या व्याख्येतही नाही. त्याला पाण्याचा निचरा हवा, मोऱ्या हव्यात, ओढ्यावर फरशी हवी. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीचा धडा घेतला, १९७७ साली तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आणला. त्या कामांवर मजुरांनी घाम गाळून रस्ते केले. पुष्कळ ठिकाणी मातीकाम झाले, मुरूम पडला. मोरीसाठी सिमेंट आणि अभियंता मात्र मिळाला नाही, आणि पहिल्या पावसात रस्ता ओढ्यात गेला. दोष मजुराच्या श्रमाचा नव्हता. श्रमाला साहित्याची जोड न देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? रस्त्याची मागणी करणारे निवेदन देणे सोपे आहे. ते दरवर्षी दिलेही जाते. त्याआधीचे काम अधिक कष्टाचे आहे.

पहिले काम यादीचे. तालुक्यातील जोडलेल्या आणि न जोडलेल्या वस्त्यांची यादी व रस्त्यांचा आराखडा पंचायत समितीपुढे आणि नंतर जिल्हा परिषदेपुढे मंजुरीसाठी यावा, असे योजनेचे नियम सांगतात. ती यादी मिळवावी, पाड्यापाड्यावर वाचून दाखवावी आणि कोणता पाडा तिच्यात नाही, कोणता खोटाच 'जोडलेला' दाखविला आहे, हे ग्रामसभेच्या ठरावात नोंदवावे. लगतच्या वस्त्या एकत्र मोजण्याची तरतूद आहे. डोंगरी भागात पायवाटेने दीड किलोमीटरच्या आतील वस्त्यांची लोकसंख्या मिळून धरता येते. १४० आणि १२० चे दोन पाडे एकएकटे नाकारले जातात, पण एकत्र आले तर २६० होतात. ही बेरीज कोणीतरी मांडून दाखवावी लागते.

दुसरे काम ओळखीचे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने वस्ती किंवा पाडा हेच गाव मानले आहे आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यातील मतदारांना ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते. रस्ता वनजमिनीतून जातो म्हणून काम अडते तेथे २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) हाताशी आहे. ग्रामसभेची शिफारस असेल, एका कामाला १ हेक्टरहून कमी जमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ हून अधिक झाडे पडत नसतील, तर रस्त्यासाठी जमीन देता येते. ६ मीटर रुंदी धरली तर १ हेक्टरात दीड किलोमीटरहून अधिक रस्ता होतो. पुष्कळ पाड्यांचा प्रश्न तेवढाच आहे.

तिसरे काम शिरगणतीचे. १ मार्च २०२७ च्या गणनेच्या वेळी ऊसतोडीची, वीटभट्टीची आणि कोळसाभट्टीची माणसे कोठे असतील, याची नोंद वस्तीनिहाय आधीच करून ठेवावी. गणनेत ती फडावर मोजली जातील ती जावोत. परंतु पाड्याची खरी कायम लोकसंख्या शिधापत्रिका, मतदार यादी आणि शाळेचा पट यांवरून ग्रामसभेने ठरवून ती आराखड्याला जोडण्याचा आग्रह धरावा. स्थलांतरामुळे कमी भरलेली वस्ती मर्यादेखाली आली म्हणून वगळू नये, ही मागणी आतापासून लावून धरली पाहिजे. गणना आटोपल्यावर ती मागणी दहा वर्षे उशिराची ठरेल.

चौथे काम गाडीचे. रस्ता झालेल्या गावची मुक्कामी फेरी बंद झाली असेल तर आगारापुढे शाळकरी मुलींच्या पासांचा आकडा मांडून ती परत मागावी, आणि भारमानाऐवजी सेवेचे तत्त्व मान्य करण्यासाठी राज्य पातळीवर एसटीला स्वतंत्र अनुदानाची मागणी करावी. या लढ्यात एसटी कामगार आणि खेडूत हे एकाच बाजूला आहेत, हे दोघांनाही समजावून सांगण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांची आहे.

या साऱ्या कामांमागे एकच मागणी उभी आहे. रस्त्याचा हक्क डोक्यांच्या संख्येवरून न ठरता चालाव्या लागणाऱ्या अंतरावरून ठरावा. आणि डोंगराच्या कोणत्या बाजूला, पाण्याच्या कोणत्या काठाला माणूस राहतो हे त्या अंतरात धरले जावे. मताला जेथे संख्येची मर्यादा नाही, दुर्गम टोकावरच्या मूठभर मतदारांसाठीही निवडणूक आयोगाचे पथक यंत्र घेऊन डोंगर चढते, तेथे रस्त्यासाठी मात्र २५० माणसांची अट का असावी? मतपेटी जी वाट चढून पाड्यावर जाते ती वाट पक्की करणे हे प्रजासत्ताकाचे पाड्याकडे राहिलेले देणे आहे, आणि ते वसूल करण्याचे काम येत्या पावसाळ्याआधी पाड्याच्या यादीपासून सुरू करावयाचे आहे.